गहाण पडलेली नगरे: स्पिशच्या कसब्यांची स्वायत्तता कशी टिकली आणि कशी संपली

हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याने ८ नोव्हेंबर १४१२ रोजी आपल्या राज्यातील सोळा नगरे एका किल्ल्यासह शेजारच्या पोलंडच्या राजाकडे गहाण ठेवली. मिळालेली रक्कम ३७,००० कोपा प्राग ग्रोशेन इतकी होती. ग्रोशेन हे त्या काळी मध्य युरोपात चालणारे चांदीचे नाणे होते आणि एका कोपात अशी साठ नाणी मोजली जात, म्हणजे एकूण २२ लाख २० हजार नाणी झाली. या रकमेचे वजन सुमारे सात टन चांदीइतके भरते, असा हिशोब इतिहासकार मांडतात. हे कर्ज कधीच फेडले गेले नाही आणि गहाण ३६० वर्षे चालू राहिले.

एवढी गोष्ट युरोपच्या इतिहासातील एक गंमत म्हणून अनेकदा सांगितली जाते. तिच्या पोटात मात्र एक गहन प्रश्न आहे. ही नगरे गहाण पडण्यापूर्वीही राजाच्या नेहमीच्या अंमलाखाली नव्हती. त्यांना स्वतःचा कायदा, स्वतःचे न्यायालय आणि स्वतः निवडलेला प्रमुख होता. अशा चोवीस नगरांचा एक संघ होता आणि सिगिस्मुंडाने त्यांतील तेरा नगरे उचलून दुसऱ्या राजाच्या हाती दिली (गहाणातील उरलेली तीन नगरे या संघाबाहेरची होती). सामान्य तर्काने पाहिले तर परक्याच्या ताब्यात गेलेल्या तेरांची स्वायत्तता बुडायला हवी होती आणि स्वराज्यात उरलेल्या अकरांची टिकायला हवी होती. घडले नेमके उलटे. ते तसे का घडले, हे समजून घेतले की मध्ययुगीन राज्यात ‘स्वायत्तता’ म्हणजे नेमके काय असे, हेही समजते.

प्रदेश आणि माणसे

या प्रदेशाला स्लोव्हाक भाषेत स्पिश, जर्मनमध्ये त्सिप्स आणि हंगेरियनमध्ये सेपेश म्हणतात. येथे स्लोव्हाक नावे वापरली आहेत, कारण आज नकाशावर तीच सापडतात. स्पिश आजच्या स्लोव्हाकियाच्या ईशान्य भागात, उंच तात्रा पर्वताच्या पायथ्याशी आहे. येथून पोप्राद नदी उत्तरेकडे वाहत पोलंडमध्ये शिरते आणि तिचे पाणी शेवटी बाल्टिक समुद्राला मिळते, तर होर्नाद नदी दक्षिणेकडे वळून डॅन्यूबच्या खोऱ्यात जाते. दोन समुद्रांकडे जाणारे पाणी जेथून फुटते, तेथून व्यापाराच्या वाटाही फुटतात. हंगेरीच्या मैदानावरून पोलंडमधील क्राकूफकडे जाणारा माल याच खोऱ्यांतून जात असे आणि डोंगरांत तांबे व इतर धातू मिळत असत.

हंगेरीच्या राजांनी या सीमाभागात बाराव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन भाषक वसाहतदार आणून बसवले. १२४१-४२ मध्ये मंगोल सैन्याने हंगेरी उद्ध्वस्त केल्यावर या स्थलांतराला वेग आला, कारण चौथा बेला या राजाला उजाड झालेला मुलूख पुन्हा वसवायचा होता आणि त्यासाठी जंगल तोडणारे, खाणी खोदणारे, भिंती बांधणारे व व्यापार जाणणारे लोक हवे होते. जर्मन प्रदेशांच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या या सगळ्यांना हंगेरीत सरसकट ‘सॅक्सन’ म्हटले जाई.

त्यांना ओढून आणण्यासाठी राजाकडे देण्यासारखे काय होते? जमीन होतीच, पण जमीन इतर राजेही देत होते. खरे आमिष होते ते आपल्या कायद्याने जगण्याच्या हमीचे. त्या काळी हंगेरीचा बहुतेक मुलूख काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांत, वाटलेला होता आणि काउंटीत जमीनदार सरदारांचे वर्चस्व असे. परक्या देशात येऊन स्थानिक सरदाराचा कूळ होण्यासाठी कोणी कुशल कारागीर घर सोडत नसतो. तेव्हा राजाने या वसाहतींना काउंटीच्या कक्षेतून बाहेर काढले आणि थेट आपल्या छत्राखाली घेतले.

सनदेतील सौदा

पाचवा इस्तवान या राजाने १२७१ मध्ये स्पिशच्या सॅक्सनांना सामूहिक सनद दिली. ‘सामूहिक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण ती एका नगराला दिलेली नव्हती, तर साऱ्या समुदायाला एकत्र दिली होती. तिचा गाभा सोप्या शब्दांत असा सांगता येईल: सॅक्सनांनी दरवर्षी ठरलेल्या दिवशी ३०० मार्क (मार्क हे चांदी तोलण्याचे माप) चांदी राजाला द्यावी आणि युद्धाच्या वेळी ५० भालाईत राजाच्या निशाणाखाली पाठवावेत, त्या बदल्यात त्यांनी आपला प्रमुख स्वतः निवडावा, आपले तंटे आपल्या रूढीप्रमाणे तोडावेत, आपले धर्मगुरू आपण निवडावेत, आणि जंगल, शिकार, मासेमारी व खाणी यांचा उपभोग घ्यावा.

यातील करविषयक तरतूद हीच साऱ्या स्वायत्ततेची किल्ली आहे. कर माणशी किंवा घरटी आकारलेला नव्हता. साऱ्या समुदायावर मिळून एकच ठोक रक्कम होती. ती कोणी किती द्यायची, कशी गोळा करायची, गरीब नगराला सवलत द्यायची की श्रीमंत नगरावर जास्त भार टाकायचा, हे समुदायाने आपसात ठरवायचे. राजाच्या दृष्टीने ही फार सोयीची व्यवस्था होती. त्याला येथे मोजणीदार, वसुलीदार, शिरस्तेदार नेमावे लागत नव्हते. वर्षातून एकदा चांदीची थैली दरबारी येत होती. समुदायाच्या दृष्टीने ठोक रकमेचा अर्थ असा होता की राजाच्या माणसाला गावात पाय ठेवण्याचे कारणच उरत नव्हते. शिवाय सामूहिक जबाबदारीमुळे नगरांना एकत्र बसणे भाग पडले. वर्षानुवर्षे एकत्र बसून वाटणी करणाऱ्या लोकांची सभा तयार झाली, सभेचे नियम तयार झाले, आणि त्या नियमांतून एक लहानसे शासन उभे राहिले. माझ्या मते स्पिशच्या स्वायत्ततेचा उगम एखाद्या उदात्त तत्त्वात शोधण्यापेक्षा या हिशोबात शोधणे अधिक बरोबर आहे.

सनद मिळाली म्हणजे ती टिकली असे नाही. प्रत्येक नव्या राजाकडून ती नव्याने मान्य करून घ्यावी लागे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीत गादीसाठी आणि सत्तेसाठी संघर्ष पेटला, तेव्हा चार्ल्स रॉबर्ट या राजाविरुद्ध अबा घराण्याच्या बलाढ्य सरदारांनी उठाव केला. १५ जून १३१२ रोजी रोझगोनी येथे झालेल्या निर्णायक लढाईत स्पिशचे सॅक्सन राजाच्या बाजूने लढले आणि राजा जिंकला. त्याची परतफेड म्हणून चार्ल्स रॉबर्टने १३१७ मध्ये त्यांच्या हक्कांची पुन्हा हमी दिली. या सनदेत चाळीसहून अधिक वसाहतींचा उल्लेख आहे आणि वार्षिक रक्कम १,४०० मार्क झालेली दिसते. निष्ठेचे बक्षीस म्हणून साडेचार पटींहून अधिक कर वाढावा, हे वाचताना विचित्र वाटते. पण त्यावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे अर्ध्या शतकात हा प्रदेश बराच संपन्न झाला होता. दुसरी म्हणजे हक्कांची किंमत मोजायला समुदाय तयार होता.

चोवीस नगरांचा संघ

पुढच्या काही दशकांत या वसाहतींचा संघ आटोपशीर होत गेला आणि चौदाव्या शतकाच्या मध्याला ‘स्पिशच्या चोवीस नगरांचा प्रांत’ असे त्याचे रूप पक्के झाले. ही नगरे म्हणजे मोठी शहरे नव्हती; त्यांना आपल्याकडचा ‘कसबा’ हा शब्द अधिक शोभेल. मध्ये लांबट चौक, त्याच्या दोन्ही बाजूंना कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची घरे, चौकात चर्च आणि बाजार, मागे शेती, असे त्यांचे स्वरूप होते. याच चोवीस नगरांतील धर्मगुरूंचाही एक बंधुसंघ होता आणि त्याचा उल्लेख १२४८ पासून सापडतो, म्हणजे नगरांच्या राजकीय संघाहून त्यांच्या धर्मगुरूंचा संघ जुना आहे.

प्रत्येक नगर आपला न्यायाधीश निवडत असे आणि तोच नगराचा कारभारी प्रमुखही असे. चोवीस नगरांचे प्रतिनिधी मिळून साऱ्या प्रांताचा प्रमुख निवडत. त्याला ‘ग्राफ’ म्हणत. युरोपात इतरत्र ग्राफ म्हणजे वंशपरंपरेने आलेला सरदार. येथे मात्र तो निवडून आलेला नागरिक होता आणि नगराच्या न्यायालयात समाधान झाले नाही तर लोक त्याच्याकडे दाद मागत. प्रांताचा लिखित कायदा जर्मन भाषेत होता आणि लायोश पहिला या राजाच्या काळात, १३७० मध्ये, त्याला मान्यता मिळाली. वारसा, मालमत्ता, गुन्हे आणि त्यांचे दंड असे रोजच्या जगण्यातले विषय त्यात येतात.

या व्यवस्थेकडे आजच्या लोकशाहीच्या चष्म्यातून पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. मत होते ते घरदार असलेल्या पुरुष नागरिकांना. भाड्याने राहणारे, मजूर, नोकर, स्त्रिया यांना निवडणुकीत स्थान नव्हते आणि आजूबाजूच्या खेड्यांतील स्लोव्हाक भाषक कुळांना तर या सनदांचा स्पर्शही झाला नाही. स्वायत्तता हा मध्ययुगात एका विशिष्ट गटाला मिळालेला विशेषाधिकार असे, आणि विशेषाधिकाराचे मोल ज्यांना तो नाही अशा लोकांच्या तुलनेतच ठरत असे.

संघातून वर चढण्याची वाटही होती. लेवोचा हे सुरुवातीला संघाचे मुख्य नगर होते, पण १३२१ मध्ये त्याला माल उतरवून घेण्याचा हक्क मिळाला, म्हणजे तेथून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आपला माल ठरावीक काळ लेवोचात विक्रीस मांडणे भाग पडले. एवढा किफायतशीर हक्क हाती आल्यावर इतर कसब्यांसोबत कराची वाटणी करत बसण्यात लेवोचाला स्वारस्य राहिले नाही. लेवोचा आणि पाठोपाठ केझमारोक ही नगरे चौदाव्या शतकात संघाबाहेर पडून स्वतंत्र ‘मुक्त राजनगरे’ झाली. नंतर याच माल उतरवून घेण्याच्या हक्कावरून ही दोन नगरे एकमेकांशी पिढ्यान्पिढ्या भांडत राहिली. ते भांडण न्यायालयात होते तसेच रस्त्यावरही होते. श्रीमंत सदस्य बाहेर पडल्यावर उरलेला संघ मध्यम आणि लहान नगरांचा राहिला, हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण १४१२ मध्ये त्याच्या वतीने दरबारात बोलेल असे वजनदार नगर त्याच्याकडे नव्हते.

राजाला पैसा हवा होता

सिगिस्मुंड त्या वेळी व्हेनिसशी एड्रियाटिक समुद्रावरील दाल्मेशियाच्या किनाऱ्यासाठी लढत होता. नेपल्सचा लादिस्लाव याने १४०९ मध्ये दाल्मेशियावरचे आपले हक्क व्हेनिसला एक लाख डुकाटांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, विकून टाकले होते आणि सिगिस्मुंडाला ते मान्य नव्हते. युद्धाला पैसा लागतो आणि तो त्याच्याकडे नेहमीच कमी असे. उलट पोलंडचा राजा व्लादिस्लाव यागिएलो याने १४१० मध्ये ग्रुनवाल्ड येथे ट्युटॉनिक सरदारसंघाचा (जर्मन योद्ध्यांच्या धार्मिक संघाचा) पराभव केला होता आणि १४११ च्या तहाने त्या संघावर एक लाख कोपा ग्रोशेनची भरपाई बसली होती. १५ मार्च १४१२ रोजी स्पिशमधल्याच स्तारा ल्युबोव्न्या येथे दोन राजांत मैत्रीचा तह झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कर्जाचा व्यवहार झाला.

गहाणात काय गेले? चोवीसांच्या संघातील तेरा नगरे: स्पिशस्का नोवा वेस, स्पिशस्के व्लाखी, स्पिशस्के पोद्ह्राद्ये, स्पिशस्का बेला, स्पिशस्का सोबोता, पोप्राद, वेल्का, मातेयोव्त्से, स्त्राझे, ल्युबित्सा, व्रबोव, त्वारोझ्ना आणि रुस्किनोव्त्से. यांखेरीज ल्युबोव्न्याचा किल्ला आणि त्याच्या अमलाखालील स्तारा ल्युबोव्न्या, पोदोलिनेत्स व ह्न्येझ्दने ही तीन नगरे गेली. एकूण सोळा. ही नगरे सलग नव्हती. गहाण नगराशेजारी न गहाण पडलेले खेडे, त्यापलीकडे एखाद्या सरदाराची जहागीर, मग पुन्हा गहाण नगर, असे ठिपके नकाशावर पडले.

हा व्यवहार समजण्यासाठी आपल्या ग्रामीण भागात परिचित असलेल्या कब्जेगहाणाचा उपयोग होईल. सावकार शेताचा ताबा घेतो आणि पीकही तोच खातो. शेत मात्र नावाने मूळ मालकाचेच राहते आणि मुद्दल परत केले की तो ते सोडवून घेऊ शकतो. दरम्यान सावकाराने खाल्लेले पीक मुद्दलातून वजा होत नाही. स्पिशच्या बाबतीत शेताच्या जागी नगरे होती आणि पिकाच्या जागी त्यांचा वार्षिक कर होता. म्हणून कायद्याच्या दृष्टीने ही नगरे हंगेरीच्याच राजमुकुटाची राहिली, तेथील चर्चही हंगेरीच्याच धर्मव्यवस्थेत राहिले, पण कर आणि राजकीय आज्ञा पोलंडच्या हाती गेल्या.

दोन नशिबे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गहाण घेणाऱ्या पोलंडच्या राजाला या नगरांची रचना बदलण्यात काहीही लाभ नव्हता. मूळ मालक कधीही मुद्दल घेऊन येऊ शकतो अशा मालमत्तेत कोणी नवे बांधकाम करत नाही. त्याला हवे होते ते नियमित उत्पन्न, आणि ते देणारी व्यवस्था नगरांनीच चालवली होती. म्हणून पोलंडच्या राजांनी जुन्या सनदा एकामागून एक मान्य केल्या. तेरा नगरांनी आपला वेगळा संघ उभा केला, ग्राफ निवडणे चालू ठेवले आणि जुन्याच कायद्याने न्याय केला. ल्युबोव्न्याच्या किल्ल्यात राजाचा प्रतिनिधी बसत असे. त्याला ‘स्तारोस्ता’ म्हणत. ग्रुनवाल्डच्या लढाईत गाजलेला सरदार झाविशा चार्नी हाही या पदावर होता.

घरी राहिलेल्या अकरांची गोष्ट वेगळी झाली. संघ निम्मा झाल्यावर त्यांची आर्थिक ताकद आणि दरबारातले वजन दोन्ही घटले. त्यात पंधराव्या शतकाच्या मध्याला हंगेरीत अंतर्गत युद्धे झाली आणि १४६० च्या दशकात झापोल्या घराण्याकडे स्पिशचा मोठा किल्ला व काउंटीचे प्रमुखपद आले. राजा दूर होता आणि सरदार दाराशी होता. एकेक करून ही नगरे किल्ल्याच्या जहागिरीत ओढली गेली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील नागरिक जवळजवळ कुळांच्या पातळीवर आले. स्पिशस्की श्त्व्रतोक हे त्यांतलेच एक नगर. तेथील चर्चला लागून झापोल्यांनी बांधलेले सुंदर गॉथिक प्रार्थनामंदिर आजही पर्यटक पाहतात, पण ज्या गावात ते उभे आहे त्या गावाचे स्वातंत्र्य त्याच घराण्याच्या काळात गेले. या घराण्यातील यानोश झापोल्या पुढे १५२६ मध्ये हंगेरीचा राजा झाला.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सनद दोघांकडे एकच होती, अक्षरही वेगळे नव्हते. फरक होता तो सनद राखण्यात कोणाचा स्वार्थ गुंतला आहे याचा. तेरा नगरांच्या बाबतीत दोन राजे एकमेकांवर नजर ठेवून होते. पोलंडने सनद मोडली असती तर हंगेरीला तक्रारीचे कारण मिळाले असते. अकरांच्या बाबतीत सनद मोडणाऱ्या सरदाराला विचारणारे कोणी नव्हते.

मात्र पोलंडच्या काळाला सुवर्णकाळ म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. १५९१ पासून १७४५ पर्यंत स्तारोस्ताचे पद लुबोमिर्स्की या एकाच बड्या घराण्यात राहिले. दीडशे वर्षे एकच घराणे असल्यावर राजाचा नोकर हळूहळू मालकासारखा वागू लागतो. ठरलेल्या कराखेरीज भेटी, सैन्याचा खर्च, वेठ अशा मागण्या वाढल्या आणि नगरांना त्याविरुद्ध पोलंडच्या राजाकडे गाऱ्हाणी न्यावी लागली. धर्माच्या बाबतीतही ताण होता. सोळाव्या शतकात ही नगरे लूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट, झाली होती आणि १५६९ मध्ये येथील धर्मगुरूंनी आपल्या श्रद्धेचे निवेदन तयार केले होते; सतराव्या शतकात लुबोमिर्स्कींनी कॅथलिक पंथ परत आणण्याचा नेटाने प्रयत्न केला, पोदोलिनेत्स येथे १६४२ मध्ये पिआरिस्ट पंथाच्या साधूंना आणून मठ व शाळा उभारली आणि पुढे चर्चेस लूथरपंथीयांच्या हातून काढून घेण्यात आली. म्हणजे धर्मगुरू निवडण्याचा हक्क, जो १२७१ च्या सनदेत अभिमानाने नोंदला होता, तो कारभाराच्या इतर हक्कांच्या मानाने लवकर निकामी झाला.

पोलंडसाठी ल्युबोव्न्याचा किल्ला किती भरवशाचा होता, हे एका प्रसंगावरून दिसते. १६५५ मध्ये स्वीडिश सैन्याने पोलंड व्यापले, तेव्हा राजमुकुट आणि राजचिन्हे लपवण्यासाठी याच गहाण किल्ल्याची निवड झाली आणि ती काही वर्षे तेथे राहिली.

हंगेरीने नगरे सोडवून घेण्याचा विचार सोडून दिला होता असे नाही. विषय वारंवार निघे, संसदेत ठराव होत, दूत जात. पण एकरकमी मुद्दल उभे करणे प्रत्येक राजाला जड गेले आणि पोलंडलाही एवढे सोयीचे उत्पन्न सोडण्याची घाई नव्हती. १५२६ नंतर तर हंगेरीचेच तुकडे झाले, मोठा भाग उस्मानी तुर्कांकडे गेला आणि उरलेला ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे. त्या धामधुमीत सोळा लहान नगरांसाठी खजिना कोण उघडणार?

परत आली, पण पैसे न देता

१७६८ मध्ये पोलंडमध्ये राजा आणि रशिया यांच्या विरोधात सरदारांचा उठाव झाला आणि देश यादवीत सापडला. सीमा सुरक्षित करण्याच्या निमित्ताने ऑस्ट्रियाची सम्राज्ञी आणि हंगेरीची राणी मारिया थेरेसा हिच्या सैन्याने १७६९ मध्ये स्पिशच्या गहाण नगरांना वेढा घातला आणि ती ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाने लगतचा काही निर्विवाद पोलिश मुलूखही आपल्या रेषेच्या आत ओढला. स्पिशवर हक्क सांगायला जुना गहाणखताचा आधार होता, पुढच्या मुलखासाठी तसा काही नव्हता. पण पहिल्या पावलावर कोणी अडवले नाही म्हणून दुसरे पडले. रशिया आणि प्रशिया हे पाहत होते. १७७२ मध्ये तिन्ही सत्तांनी मिळून पोलंडची पहिली फाळणी केली आणि स्पिशची नगरे हंगेरीकडे कायम झाली. ३७,००० कोपांपैकी एकही नाणे परत द्यावे लागले नाही. सावकारच मोडला, मग वसुली कोण करणार?

नगरांपुढे आता खरा धोका उभा राहिला होता. मारिया थेरेसा ही सनदांना सहज भुलणारी शासक नव्हती. तिला सारा कारभार व्हिएन्नाच्या देखरेखीखाली आणायचा होता. तरीही तिने या सोळा नगरांना स्पिश काउंटीत विलीन केले नाही. काही वर्षांच्या विचारविनिमयानंतर, १७७८ मध्ये, तिने ‘सोळा नगरांचा प्रांत’ म्हणून त्यांच्या स्वायत्ततेची सनद दिली. पूर्वी किल्ल्याच्या अमलात असलेली तीन नगरे आता संघात बरोबरीने आली. प्रांताचे मुख्यालय स्पिशस्का नोवा वेस येथे झाले, ज्याला हंगेरियनमध्ये इग्लो म्हणतात. तेथील चौकात प्रांताचा वाडा आजही उभा आहे आणि त्यात संग्रहालय आहे.

मारिया थेरेसाने असे का केले? एक कारण सरळ आहे: स्वतंत्र प्रांत थेट राजसत्तेला कर देत होता, तर काउंटी म्हणजे करातून मुक्त असलेल्या हंगेरियन सरदारांचा बालेकिल्ला होता. सोळा नगरे काउंटीच्या हाती देणे म्हणजे सरदारांना बळ देणे झाले असते. तेराव्या शतकातील राजांचा आणि अठराव्या शतकातील राणीचा हिशोब येथे जुळतो. तिचा मुलगा दुसरा जोसेफ याने १७८० च्या दशकात साऱ्या देशाची पुनर्रचना करून असे वेगळे तुकडे मोडीत काढण्याचा प्रयत्न केला. १७९० मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर ती पुनर्रचना कोसळली आणि जुने तुकडे परत आले.

एकट्या स्पिशमध्ये त्या काळी किती प्रकारच्या सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या, हे पाहिले की आजचा वाचक गोंधळून जाईल. सोळा नगरांचा प्रांत होता, लेवोचा व केझमारोक ही मुक्त राजनगरे होती, खाणींची वेगळी नगरे होती, सरदारांची काउंटी होती आणि ‘दहा भालाईतांचे पीठ’ नावाची, लष्करी सेवेच्या बदल्यात हक्क मिळालेल्या लहान सरदारांची एक चिमुकली स्वायत्त संस्थाही होती, जी १८०२ मध्ये काउंटीत विलीन झाली. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणारा माणूस एका दिवसात तीन-चार न्यायव्यवस्था ओलांडत असे.

१८७६

शेवटी ही व्यवस्था कोणा शत्रूने मोडली नाही. १८६७ मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यात समझोता होऊन हंगेरीला स्वतःचे सरकार मिळाले आणि त्या सरकारने आधुनिक राज्य घडवायला घेतले. आधुनिक राज्याला एक कायदा, एक करपद्धती, एकसारखे जिल्हे हवे असतात. त्याच्याकडे आता मोजणीदार, वसुलीदार आणि न्यायाधीश होते, त्यामुळे ठोक रकमेच्या बदल्यात कारभार समुदायावर सोपवण्याची त्याला गरज राहिली नव्हती. सरदारांची करमुक्ती १८४८ मध्येच संपली होती, म्हणून काउंटीविरुद्ध तोल साधण्यासाठी वेगळा प्रांत राखण्याचेही कारण उरले नव्हते. १८७६ च्या कायद्याने सोळा नगरांचा प्रांत संपुष्टात आला आणि त्याचा मुलूख स्पिश काउंटीत गेला. त्याच वर्षी ट्रान्सिल्व्हेनियातील सॅक्सनांची स्वायत्तता, हायडू सैनिकांच्या वंशजांचा जिल्हा आणि यास व कून या लोकांचे स्वायत्त जिल्हेही रद्द झाले. म्हणजे हा स्पिशवरचा राग नव्हता. मध्ययुगातून आलेले सारेच अपवाद एकाच झाडणीत निघाले. उदारमतवादी हंगेरियन राजकारण्यांना ही प्रगती वाटली, आणि कायद्यापुढील समानतेच्या दृष्टीने ती होतीही. जर्मन भाषक नागरिकांना मात्र तिच्यात हंगेरियन भाषा लादणाऱ्या राज्याची चाहूल लागली, आणि तीही खोटी ठरली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर स्पिश चेकोस्लोव्हाकियात गेला. उत्तरेकडची काही खेडी १९२० मध्ये पोलंडला मिळाली, पण जुनी गहाण नगरे चेकोस्लोव्हाकियातच राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस येथील बहुतेक जर्मन भाषकांना हलवण्यात आले आणि युद्धानंतर उरलेल्यांना देशाबाहेर काढण्यात आले, त्यामुळे ज्या समुदायाला १२७१ ची सनद मिळाली होती तो समुदायच तेथे राहिला नाही. तेरांपैकी रुस्किनोव्त्से युद्धानंतर लष्करी सरावक्षेत्रात गेले आणि नाहीसे झाले. स्पिशस्का सोबोता, वेल्का, मातेयोव्त्से आणि स्त्राझे ही एकेकाळची चार स्वतंत्र नगरे आज पोप्राद शहराचे भाग आहेत. स्पिश नावाचा प्रशासकीय विभाग आजच्या स्लोव्हाकियात नाही. प्रांताचे जुने मुख्यालय असलेले स्पिशस्का नोवा वेस कोशित्से विभागात येते, तर पोप्राद, स्तारा ल्युबोव्न्या आणि बहुतेक जुनी गहाण नगरे प्रेशोव विभागात येतात.